गर्भाशयाचं ऑपरेशन रोबो करतो का?

प्रश्न : वय ४७. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली. मध्येच यंत्र बिघडलं तर?
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर : ताई, रोबो स्वतःहून काहीच कापत नाही. कन्सोलवर बसलेले सर्जनच त्याचे हात चालवतात. यंत्र अडलंच, तर दुर्बिणीने किंवा पोट उघडून तेच ऑपरेशन पुरं करतात. पण साध्या गाठींना दुर्बीण बहुधा पुरते, खर्चही कमी; ती सोय वसई-विरारमध्येही आहे. त्रास सोसण्याजोगा असेल तर औषधांचं विचारा. पाळी गेल्यावर गाठी सहसा आक्रसतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग नाही ना, हे पाहायला पॅप तपासणी मात्र आधी कराच : त्या कर्करोगात २०१८च्या मोठ्या चाचणीत पोट उघडून केलेली शस्त्रक्रियाच सरस ठरली. आणि विम्यात रोबोटिकवर मर्यादा आहे का, तेही आधीच बघून घ्या.