अधिवेशनाची पावती फाडण्याआधी

पक्षाच्या अधिवेशनासाठी तालुक्यातून नावे मागवली की कार्यकर्ता आधी विचारतो, "प्रतिनिधी शुल्क किती?" विचारायलाच हवे. पण खिशाला खरी कात्री लागते ती दुसरीकडेच.

जिंतूरचा एखादा कार्यकर्ता शिर्डीतल्या दोन दिवसांच्या अधिवेशनाला निघाला असे धरू. शिर्डी मुद्दाम घेतली. जानेवारी २०२५ मध्ये भाजपचे प्रदेश अधिवेशन आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शिबिर, दोन्ही तिथेच झाले. जिंतूर ते परभणी एसटी ऐंशीच्या आसपास, परभणी ते नगरसोल स्लीपर दोनशेच्या घरात, पुढे शिर्डीपर्यंत जीपला शंभर. जाऊन-येऊन साडेसातशे. वाटेतला चहा-नाश्ता आणि एक-दोन जेवणे मिळून तीनशे. निवास शुल्कात नसेल तर दोघांत एक खोली घेऊन माणशी पाचशे. शिवाय तीन दिवसांचा खाडा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता; त्या हिशेबाने ९३६. झाले अडीच हजार. त्यावर शुल्क पाचशे धरले तरी एकूण तीन हजारांत ते सहावा हिस्साच. खाड्याची पावती मात्र कुणी देत नाही, म्हणून तो हिशेबात धरायचा राहून जातो.

शुल्काला सरकारी दर नाही. पक्ष ठरवील ते. त्यामुळे आकड्यापेक्षा त्यात काय काय येते ते विचारा. परभणीकरांना हा प्रकार नवा नाही. १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले होते, आणि संमेलन म्हटले की प्रतिनिधी शुल्क, पिशवी, बिल्ला, भोजन कूपन हे ओघाने आलेच. पक्षाच्या अधिवेशनातही कूपनावरचे वार-वेळ वाचून घ्या. बहुतेक वेळा पहिल्या रात्रीचे जेवण त्यात नसते. उद्‌घाटन सकाळी असते आणि लांबून येणारा आदल्या रात्रीच पोहोचलेला असतो. "निवास व्यवस्था" याचा अर्थ लॉज असेलच असे नाही. मंगल कार्यालयाचा हॉल, नाहीतर शाळेचे वर्ग आणि खाली अंथरलेली गादी हीसुद्धा निवास व्यवस्थाच. हिवाळ्यात जात असाल तर पांघरूण घरून न्या.

आता पावती. हाताने भरलेल्या पावतीवर तुमचे स्वतःचे नाव, रक्कम, तारीख, पावती क्रमांक आणि पक्षाचे नाव असायलाच हवे. क्यूआर कोडवर पैसे भरताना समोर खातेदाराचे नाव येते. तिथे पक्षाऐवजी एखाद्या भाऊसाहेबांचे नाव आले तर थांबा आणि विचारा. छोट्या, अनोळखी पक्षाची पावती असेल तर नोंदणी तपासा. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ पक्ष यादीतून काढून टाकले आहेत.

हे शुल्क आयकरात वजा करता येईल, असे कुणी ना कुणी सांगतेच. नोंदणीकृत पक्षाला दिलेल्या देणगीवर १९६१ च्या कायद्याच्या कलम ८०जीजीसीखाली वजावट होती, पण रोख दिलेल्या रकमेवर नाही आणि नव्या कररचनेतही नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण मुळात प्रश्न असा, की जेवण, पिशवी आणि गादी ज्यातून मिळाली ते शुल्क देणगी म्हणायचे का? याच प्रश्नावर कॅनडात मोठा वाद झाला. तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २००५ च्या अधिवेशनाचे प्रतिनिधी शुल्क देणग्यांत दाखवलेच नव्हते; पुढच्याच वर्षी ती लाखो डॉलरची रक्कम जाहीर करणे भाग पडले. आपल्याकडे माझा सल्ला सरळ आहे: पावतीवर "देणगी" लिहिलेले नसेल तर वजावट मागू नका. पाचशे रुपयांसाठी नोटीस ओढवून घेणे परवडत नाही.

जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांनी तर पावतीच्या वाटेलाच जाऊ नये. सेवेचे वर्तणूक नियम राजकीय पक्षात भाग घ्यायला मनाई करतात, आणि नावाची पावती हा आयता पुरावा होतो.

काही ठिकाणी मात्र शुल्क विचारायची वेळच येत नाही. "तुमचं सगळ्यांचं दादांनी भरलंय" एवढाच निरोप येतो, गाडी दारात उभी राहते. अशा वेळी बिल्ला कशाचा आहे ते पाहा. नुसती हजेरी असेल तर गोष्ट वेगळी. पण प्रतिनिधी म्हणून मतदानाचा हक्क असेल तर स्वतःचे पैसे भरा, निदान शुल्काचे तरी. प्रतिनिधीचे मत ही किरकोळ गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसचा अध्यक्ष ठरला तो देशभरातल्या नऊ हजारांहून अधिक प्रतिनिधींच्या मतांवर. खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते पडली. एका माणसाने वीस जणांचे शुल्क भरले असेल तर मतदानाच्या वेळी त्या वीस जणांना मान वळवून दादांकडे पाहावेच लागते.

ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांनी सवलत उघडपणे मागावी. त्यात कमीपणा नाही. १९१८ च्या दिल्ली काँग्रेसमध्ये शेतकरी प्रतिनिधींना शुल्क माफ होते. दोन वर्षांनी नागपूरच्या अधिवेशनात सभासद वर्गणीच चार आणे ठरली. तालुका शाखेने वर्गणी काढून दोघांचा खर्च उचलला आणि तो शाखेच्या वहीत लिहिला, तर एका पुढाऱ्याच्या उपकारापेक्षा ते केव्हाही बरे.

प्रवासात थोडे वाचवता येते. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, ७५ च्या पुढे मोफत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती गृहीत धरू नका. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. अधिवेशनाची तारीख मात्र अनेकदा पंधरा दिवस आधी कळते आणि तोवर गाडी प्रतीक्षा यादीत गेलेली असते. ई-तिकीट शेवटपर्यंत प्रतीक्षेतच राहिले तर ते आपोआप रद्द होते. ते घेऊन डब्यात चढू नका. आचारसंहिता लागली किंवा मोठ्या नेत्याची वेळ मिळाली नाही, की तारीख पुढे जाते. तसे झाल्यास भरलेले शुल्क पुढच्या तारखेला चालेल का, हे पैसे देतानाच विचारा आणि उत्तर पावतीच्या मागे लिहून सही घ्या.