ग्रॅनोलाचा डबा खवट होतो तेव्हा

घरच्या ग्रॅनोलात सगळ्यांत आधी बिघडतो तो शेंगदाणा. पुण्याला वसतिगृहात राहणाऱ्या भाच्याला ऐन श्रावणात धाडलेला डबा खवट निघाला, तेव्हा घरात जो तो ओव्हनला दोष देऊ लागला. मी पिशवीत उरलेले कच्चे दाणे चावून पाहिले. तोच वास, घशाला लागणारी तीच चव. दुकानातून मालच जुना आला होता. भाजल्यावर तो दोन दिवस खमंग लागला, एवढंच.

शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होत जातं, आणि नगरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पडून राहिलेल्या पोत्याचं काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून दाणे थोडेच घ्या आणि घेताना दोन-चार कच्चे चावून बघा. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा वेचून फेकून द्या. इथे काटकसर नको. बुरशी धरलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं. ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्याने पुरतं जात नाही. ‘भाजलं की सगळं मरतं’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, त्यावर विसंबू नका. जवसाचं तेल तर याहून नाजूक. जवस अख्खाच घाला, कूट करून नको.

बाहेरच्या पाककृतींत ओट्स असतात. मी ज्वारीच्या लाह्या वापरते, आणि आपल्या नगर जिल्ह्यात तेच शहाणपणाचं आहे असं माझं ठाम मत आहे. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडची रब्बी ज्वारी घरात असताना दुसरीकडे कशाला बघायचं? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर खास लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ हा ज्वारीचा वाण काढला आहे. नागपंचमीच्या लाह्या आपण एका दिवसापुरत्या करतो, त्या वर्षभर न्याहारीला का नसाव्यात? फक्त लाह्या चाळणीने नीट चाळा. खाली राहिलेले गणंग पाकात गेले की दगडासारखे होतात आणि दाताचा तुकडा पाडतात.

चार वाट्या लाह्यांना पाऊण वाटी चिरलेला गूळ, एक वाटी शेंगदाणे, तीळ-जवस-भोपळ्याच्या बिया मिळून अर्धी वाटी, दोन चमचे तेल आणि चिमूटभर मीठ. दाणे आणि बिया आधी वेगवेगळ्या भाजून घ्या, कारण तीळ तडतडून होतो तेव्हा शेंगदाणा आत कच्चाच असतो.

खरी कसोटी पाकाची. गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गुऱ्हाळाच्या गुळात कचरा निघतोच. मग मंद आचेवर ढवळत राहा. थेंब गार पाण्यात टाकला आणि तो मऊ गोळी झाला तर थांबा, अजून पाणी आहे. तोच थेंब कडक होऊन टक्कन मोडला की गॅस बंद. या एका मिनिटाच्या घाईपायी ग्रॅनोला दुसऱ्या दिवशी सादळतो, आणि मिनिटभर जास्त झालं तर कडू होतो. पाकात तेल-मीठ घालून लाह्या, दाणे, बिया त्यात परता, ताटात पातळ पसरा आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं वाळवा, मध्ये एकदा हलवून. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, हात न थांबवता. बेदाणे घालणार असाल तर ते मात्र गार झाल्यावरच. आचेवर ते चामड्यासारखे होतात.

गार म्हणजे पुरतं गार. ताटाला खालून हात लावून बघा, कोमटपणा लागला तर डबा भरू नका. आत वाफ धरते आणि लाह्या मऊ पडतात. पावसाळ्यात लहान लहान काचेच्या बरण्या भरा. मोठा डबा रोज उघडला की रोज दमट हवा आत जाते. आणि करायचंच ते पंधरा दिवसांत संपेल एवढं.

गुळाचा आहे म्हणून मधुमेह असलेल्यांनी वाटीभर खावा, असं मुळीच नाही. गूळही साखरच वाढवतो आणि लाह्याही लवकर पचतात. त्यांच्यासाठी गूळ कमी करून दाणे-बिया वाढवा, आणि चमचाभर दह्यावर घालून द्या. लहान लेकरांना अख्खा शेंगदाणा देऊ नका, घशात अडकतो. त्यांच्या वाट्याचे दाणे जाडसर कुटा. गुळाऐवजी मध घालणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातलं काहीच भरवू नका.

बचत गटाच्या बायका हल्ली विक्रीसाठी विचारतात. एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्या. पाकिटावर केल्याची तारीख, आणि शेंगदाणे व तीळ आहेत हे ठळक अक्षरांत लिहा. काहींना त्यांची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते. शिवाय प्रत्येक घाण्यातली एक बरणी घरी ठेवून दर आठवड्याला उघडून चाखत जा, म्हणजे पाकिटावर किती दिवसांची मुदत छापायची ते तुमचं तुम्हालाच कळेल.