घटस्फोट आणि मुलांचे मत

पती-पत्नीचे पटेनासे झाले की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बैठकीला बसतात. दागिने, भांडी, पोटगी यांची चर्चा होते. शेवटी 'मूल कोणाकडे?' हा प्रश्न निघतो. ज्याच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा, ते मूल मात्र बाहेर अंगणात असते. त्याला कोणी विचारीत नाही. कायदा याविषयी काय सांगतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

१) पालक व पाल्य कायदा, १८९० : मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते, असे कलम १७ म्हणते. यासाठी कायद्याने ठरावीक वय दिलेले नाही.

२) हिंदू विवाह कायदा, १९५५ : हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयीचे आदेश शक्य तेथे त्यांच्या इच्छेला धरून असावेत, असे कलम २६ सांगते.

३) हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ : पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे आणि सर्वांत मोठा विचार मुलाच्या हिताचा असावा, असे यात आहे.

४) संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार, १९८९ : भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला आपले मत मांडता आले पाहिजे, असे त्याचे कलम १२ सांगते.

मुंबई व पुणे येथे १९८९ पासून कौटुंबिक न्यायालये आहेत. तेथे समुपदेशक मुलाशी बोलतात. पुष्कळदा न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून एकट्याशी बोलतात. २००८ साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाला असेच विचारले. त्याने वडिलांकडे राहण्याची इच्छा सांगितली. न्यायालयाने ती इच्छा आणि त्याचे हित यांचा एकत्र विचार करून त्याला वडिलांकडेच ठेवले.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. मुलाचे मत ऐकणे वेगळे आणि त्याच्यावर निवाडा सोपविणे वेगळे. सायकलच्या आमिषाने, धाकाने किंवा पढवून वदवलेले मत हे त्याचे मत नव्हे. म्हणूनच न्यायालय मत ऐकते, पण निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे ठेवते. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.

आपल्यापैकी जे अशा बैठकांना बसतात, त्यांना आमची विनंती आहे. चारचौघांत मुलाला 'आई हवी की बाबा?' असे विचारू नये. एकाचे नाव घेताना दुसऱ्याला दुखावल्याचे ओझे ते जन्मभर वाहते. त्याच्या विश्वासातील एखाद्या व्यक्तीने त्याला बाजूला घेऊन शाळा, भावंडे, मित्र यांविषयी विचारावे. त्याला भीती कशाची वाटते, तेही जाणून घ्यावे. दुसऱ्या पालकाची भेट कधी व कोठे व्हावी, यावरही त्याचे म्हणणे ऐकावे. नवरा-बायकोचे नाते कायद्याने सुटते, आईबापाचे सुटत नाही. हे ध्यानात ठेवून बैठकीत मुलाचीही बाजू मांडली जावी.