आहुप्याचे दोन संधिपाद : काजवा आणि खेकडा

आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे सह्याद्रीच्या कड्यावर वसलेले गाव. येथे पावसाळ्यात मुसळधार वृष्टी होते. उन्हाळ्यात मात्र ओढे आटून कातळ तापतो. या विषम ऋतुचक्राशी दोन लहान संधिपाद प्राण्यांनी निरनिराळ्या रीतीने जुळवून घेतले आहे.

काजवा हा कीटक. त्याची अळी ओलसर पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते. प्रौढ काजव्याचे आयुष्य मात्र थोड्या आठवड्यांचे. मृगाच्या आगेमागे तो चमकू लागतो. त्याच्या पोटातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन जवळजवळ उष्णताविरहित प्रकाश निर्माण होतो. नर-मादीच्या मीलनाचा हाच संकेत होय.

खेकडा कवचधारी वर्गातील. कल्ले ओले राहिले तरच त्याचे श्वसन चालते. म्हणून कोरड्या दिवसांत तो खोल बिळात राहतो. समुद्री खेकड्यांच्या अळ्या पाण्यात तरंगतात. डोंगरी ओढ्याच्या लोंढ्यात त्या वाहूनच गेल्या असत्या. गोड्या पाण्यातील मादी अंडी पोटाखाली बाळगते व त्यांतून थेट लहानगे खेकडे बाहेर पडतात.

दोघांचाही आधार जमिनीतील ओल. देवराईची सावली ती टिकविते. वणवा ती नष्ट करतो. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. तथापि केवळ घोषणेने वणवा थांबत नाही. पंचायतींनी उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढाव्यात. रुंद पोटाची ती मादी, ही खूण शिक्षकांनी मुलांना शिकवावी. अंडी-पिलांसह मादी पकडली गेल्यास पुढील पिढीच खुंटते.