धरणारा पाना

बेळगाव

चि. मनू,


फोटो पोचले. न्हाणीघरातल्या गीझरची लाईन, गच्चीवरच्या टाकीकडे जाणारा पाईप आणि स्वयंपाकघरातला गळका नळ, तिन्ही नीट पाहिले. "मामा, कुठल्या कंपनीचा पाईप पाना मागवू?" एवढंच तू विचारलंयस. कंपनीचं सांगतो, पण नंतर. आधी हे ऐक, की तुला एका पान्यावर भागणार नाही. दोन लागतील, आणि त्यातला जो फिरवायचा नाही, तोच जास्त कामाचा.

प्लंबर भिंत फोडा म्हणतो, म्हणून तू स्वतःच हात घालायला निघालीस. मला बरं वाटलं. तुझ्या आईला वाटलेलं नाही, तिचा फोन येऊन गेला. तिचं मी बघतो.

मल्लेश्वरमचं आपलं घर तुझ्या आजोबांनी बांधलं तेव्हा नळाला कावेरी नव्हती. हेसरघट्ट्याचं पाणी शहरात आलं १८९६ साली, तिप्पगोंडनहळ्ळीचं १९३३ नंतर. कावेरी आली ती १९७४ साली, शंभरेक किलोमीटरवरून पंपानं वर चढवत. मध्ये आजोबांनी अंगणात बोअर मारली, तिचं जड पाणीही याच पाईपांतून गेलं. म्हणजे गेल्या साठ वर्षांत बंगळूरला जे जे पाणी मिळालं, त्या प्रत्येकाचा थोडा थोडा थर तुझ्या भिंतीतल्या जी.आय. पाईपांत बसलेला आहे.

आता जोड का सुटत नाही ते बघ. हे कळलं की पाना कसा निवडायचा ते निम्मं आपोआप कळतं. जी.आय. पाईपवर जस्ताचा थर असतो, तो लोखंडाला वाचवतो. पण पाईपला आटे पाडताना डाय हा थर कापून काढते. म्हणजे जिथे जोड, नेमकं तिथेच लोखंड उघडं. त्यावर सुतळी आणि सफेदा लावून जोड आवळलेला असतो. पाणी हळूहळू आत शिरतं, गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आट्यांच्या खाचांत ठासून बसतो. आणखी एक हिशोब आहे, तो मात्र कोणी करत नाही. अर्धा इंची मध्यम दर्जाच्या पाईपची जाडी अडीच मिलिमीटरच्या किंचित वर. अशा पाईपला इंचात १४ आटे असतात आणि आट्याची खोली एक मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. राहिलं किती? आट्याच्या मुळाशी जेमतेम दीड मिलिमीटर, आणि त्यातलंही गंजानं खाल्लेलं. पाईप जिथे सगळ्यात घट्ट बसलाय, तिथेच तो सगळ्यात पातळ आहे. म्हणून जोर लावला की जोड सुटायच्या आधी पाईप आट्यांपाशी तुटतो आणि तुकडा भिंतीतल्या एल्बोत अडकून बसतो. मग भिंत फोडावी लागते ती त्या तुकड्यासाठी.

या कामात जोर कमी पडतो असं सहसा होत नाही. जोर नको तिथे जातो. तू एल्बोवरून पाईप सोडवायला एकच पाना लावलास, तर तुझा जोर त्या जोडावर तर जातोच, शिवाय एल्बोतून पलीकडच्या जोडावर, तिथून भिंतीतल्या पाईपवर, आणि शेवटी ज्या जोडात सगळ्यात कमी दम असेल त्यावर जाऊन फुटतो. तो जोड टाइल्सच्या आत असला तर तुला कळतही नाही. चार दिवसांनी पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. म्हणून दुसरा पाना. एक पाईपवर, दुसरा एल्बोवर, दोघांची तोंडं उलट दिशांना. पाईपवरचा सोडवतो, एल्बोवरचा जागचा हलू देत नाही. दोन्ही दांड्यांत वीतभर अंतर राहील अशा बेतानं ते बसव आणि दोन्ही हातांनी दांडे एकमेकांकडे दाब. असं केलंस की सगळा जोर त्या एका जोडातच राहतो, भिंतीला पत्ताही लागत नाही. जालहळ्ळीच्या एच.एम.टी.त आमच्या मेंटेनन्समध्ये नवीन पोरगा आला की त्याला पहिले काही महिने पाना फक्त धरायला देत. पोरं वैतागायची, पण ती पद्धत बरोबर होती.

पाईप पाना म्हणजे तो जाड दांड्याचा, दातेरी जबड्याचा, वर नक्षीदार चक्री असलेला. त्याचा वरचा जबडा मुद्दाम जरा ढिला असतो. दांडा ओढला की तो किंचित कलतो आणि दाते पाईपमध्ये रुततात. जितकं ओढशील तितकी पकड घट्ट. म्हणून तो एकाच दिशेनं चालतो. जबड्याचं तोंड ज्या बाजूला उघडं, त्याच बाजूला दांडा ओढायचा. उलटीकडे ओढलास तर सुटून येईल आणि बोटं भिंतीवर आपटतील. आणखी एक, पाईप जबड्यात पार आतपर्यंत खुपसू नकोस. पाईप आणि जबड्याची पाठ यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट राहू दे. फट नसेल तर जबड्याला कलायला जागा उरत नाही, आणि पाना पाईपवरून नुसता घसरतो. बाजारातले निम्मे पाने 'स्लिप मारतात' म्हणून बदनाम होतात, ते या फटीपायी.

या पान्याला अजून स्टिल्सन म्हणतात. १८७० च्या सुमारास अमेरिकेत वॉलवर्थ नावाच्या कंपनीत डॅनियल स्टिल्सन नावाचा कारागीर होता. त्यानं असा पाना लाकडात करून दाखवला. मालकांनी त्याला सांगितलं म्हणे, की लोखंडात करून बघ, आणि एक तर पाईप पिळून तोड नाहीतर पाना मोडून दाखव. पाईप तुटला, पाना पास झाला. गोष्ट दुकानदार पान्याच्या कौतुकासाठी सांगतात. तू ती पाईपच्या बाजूनं ऐक.

लांबी किती? तुझ्या घरात अर्धा इंची आणि पाऊण इंची पाईप आहेत, फक्त संपवरून टाकीकडे चढणारा एक इंची. दोन चौदा इंची पाने पुष्कळ झाले. हा पाना दोन इंची पाईपपर्यंत उघडतो, वजन दीड किलोच्या आसपास, शिडीवर उभं राहून एका हातात पेलतो. अठरा इंची अडीच किलोवर जातो आणि गीझरच्या मागच्या कोपऱ्यात तो फिरवायला जागाच मिळत नाही. चोवीस इंचीचा विचारही करू नकोस. दांडा दुप्पट लांब म्हणजे त्याच हाताचा जोर जोडावर दुप्पट, आणि वर केलेला दीड मिलिमीटरचा हिशोब विसरू नकोस. दांड्यात पोकळ पाईप अडकवून लांबी वाढवायची युक्ती तुला कोणीतरी शिकवेलच. ती शिकू नकोस. त्यात पान्याची चक्री जाते किंवा पाईप जातो, आणि अंग पुढे टाकलेलं असतं म्हणून माणूसही जातो.

गोल पाईपला दातेरी पाना, आणि ज्याला कोन आहेत त्याला सपाट जबड्याचा स्क्रू पाना. ही गल्लत सगळे करतात. युनियनचा (म्हणजे लाईन मधूनच उघडता यावी म्हणून ठेवलेल्या जोडाचा) मधला नट, अँगल कॉकचा नट, गीझरच्या लवचीक नळीचा नट, यांना पाईप पाना लावलास तर दाते कोन खाऊन टाकतात, आणि मग त्या नटाला कोणताच पाना धरत नाही. स्क्रू पाना दहा किंवा बारा इंची घे, जबडा नटाला गच्च भिडव, आणि जोर येईल तो न हलणाऱ्या जबड्यावर येऊ दे. हा पाना आज ज्या रूपात मिळतो ते स्वीडनच्या योहान्सन नावाच्या माणसानं १८९२ च्या सुमारास आणलं. चकचकीत क्रोमच्या नळाला जबड्यात जाड कापड धर. पट्ट्याचा पानाही मिळतो, पण तुझ्या दोन नळांसाठी तो घेण्यात अर्थ नाही. सिंकच्या मागे नळाचा जो नट आहे, तिथे मात्र यातलं काहीच पोचणार नाही. त्याला टी आकाराच्या लांब दांड्याचा, टोकाला पंजा असलेला बेसिन पाना येतो. तो शेजारच्या प्लंबरकडून तासभर उसना आण. आणि गेल्या वर्षी आईनं न्हाणीघरात जो पांढरट सी.पी.व्ही.सी. पाईप घालून घेतला, त्याला दातेरी पाना लावायचाच नाही. तो हातानं किंवा कापडावरून पट्ट्यानं, आणि तोही नुसता धरण्यापुरता.

गीझरचं वेगळं सांगतो. वीज खालच्या एम.सी.बी.वरून बंद कर, भिंतीवरच्या बटणावर विसंबू नकोस. पाणी गार होऊ दे, मग गरम पाण्याचा नळ उघडून दाब काढून टाक. गीझरच्या बुडाला दोन निपल असतात, ते आतल्या टाकीला जोडलेले असतात. लवचीक नळीचा नट सोडवताना निपल दुसऱ्या पान्यानं धरला नाहीस, तर नटाबरोबर निपलही पिळतो आणि टाकीचा सांधा उकलतो. एवढ्याशा नळीपायी गीझर भंगारात जातो. धरणाऱ्या पान्यावर मी एवढा अडून बसलोय, त्यातलं निम्मं कारण तुझा गीझर आहे.

टाकीच्या लाईनवर काम काढशील तेव्हा आधी युनियन कुठे आहे ते शोध. सरळ पाईपची दोन्ही टोकं आट्यांनी बसवलेली असतात. एका टोकाकडून फिरवलास की दुसरं टोक आवळतं, म्हणून मधूनच लाईन कधीच उघडत नाही, कितीही मोठा पाना आणलास तरी. आजोबांनी एक युनियन जिन्याखाली ठेवल्याचं मला आठवतं, फोटोत चुन्याच्या रंगाखाली तोच गठ्ठा दिसतोय बहुतेक. तो निघाला नाही तर सरळ हॅकसॉनं पाईप मधोमध कापायचा, दोन्ही अर्धे दोन पान्यांनी सुटे करायचे, आणि नवा पाईप घालताना तिथे युनियन घालायचा. कापायची लाज वाटू देऊ नकोस. पाईप मीटरवर मिळतो, भिंत मिळत नाही.

पान्याला हात लावायच्या आदल्या रात्री जोडावरचा रंग खरवडून गंजाचं तेल सोडून ठेव. सकाळी सॉकेटच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूनं हलक्या हातोडीनं फिरत फिरत ठोक. गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरतं. ओतीव लोखंडाचा जुना व्हॉल्व असेल तर त्याला ठोकू नकोस, तो तडकतो. मग सोडवायच्या आधी जोड किंचित आवळून बघ. उलटं वाटेल, पण गंजाची पकड बरेचदा याच दिशेनं पहिल्यांदा सुटते. ब्लो लॅम्पनं तापवायला मात्र जाऊ नकोस. बंद न्हाणीघरात जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो.

स्वयंपाकघरातला नळ सगळ्यात अवघड आहे, कारण तो ज्या एल्बोत बसलाय तो भिंतीत आहे. तिथे दुसरा पाना लावताच येत नाही. म्हणून तिथे जोर सगळ्यात कमी. स्क्रू पाना नळाच्या मुळाशी, सपाट बाजू असतील तिथे लाव, धडावर नको. भिंतीतून करकर आवाज आला किंवा टाइल हलली तर तिथेच थांब. नळ मोडून आटे आत राहिले, तरी घाबरायचं कारण नाही. तुटक्या हॅकसॉ ब्लेडला कापड गुंडाळून त्या तुकड्याला आतून, लांबीच्या दिशेनं एक खाच पाड. एल्बोचे आटे दिसू लागले की थांब. शेजारी दुसरी खाच. मग बारीक छिन्नीनं मधली पट्टी आत ढकल, कडं आत गोळा होतं आणि हातानं निघतं. तासभर जातो. आत ठोकून फिरवायचा निमुळता एक्स्ट्रॅक्टरही मिळतो, पण गंजून पातळ झालेल्या तुकड्याला तो फुगवून आणखी घट्ट करतो, असं माझं मत आहे.

खरेदीला एस. पी. रोडला स्वतः जा, मागवू नकोस, कारण पाना हातात धरून बघावा लागतो. चक्री बोटानं सहज फिरली पाहिजे, जबडा ढिला असावा पण लटपटू नये, दाते धारदार आणि एकसारखे हवेत. कंपनी म्हणशील तर नाशिकची टपारिया घे. जालंधर-लुधियानाचाही चांगला माल येतो, पण त्यातच नाव नसलेला ओतीव कचराही येतो. दोन चौदा इंची पाईप पाने, एक दहा इंची स्क्रू पाना, हॅकसॉ आणि दोन जास्तीची ब्लेडं, एवढंच आण. दुकानदार पेटीभर संच दाखवेल, तो नको.

रविवारी काम काढू नकोस. ऐन वेळी निपल किंवा युनियन लागला तर दुकान उघडं हवं. ज्या दिवशी कावेरीचं पाणी येऊन टाकी भरलेली असेल, त्याच्या दुसऱ्या सकाळी सुरू कर, आणि वरच्या मजल्यावरच्यांना आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवायला सांग. जोड झाल्यावर लाईन थोडा वेळ वाहू दे, तेलाचा वास गेल्याशिवाय ते पाणी स्वयंपाकाला घेऊ नकोस.

जिन्याखालच्या युनियनचा रंग खरवडून जवळून एक फोटो पाठव. नट सहाकोनी आहे की आठकोनी ते कळत नाहीये, आणि कोन खाल्लेले असले तर तुला आणखी एका पान्याची गरज पडेल. तोवर त्याला हात लावू नकोस.

मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा