कोपीवरचं बाळ आणि गोवराचा डोस

ताई, दादा, यंदा पाथर्डीकडून आलात की बीडहून? प्रवरानगर, राहुरी, नेवाशातलं भेंडे, कुठंही बघा, दिवाळी सरली की कारखान्याच्या अंगाला कोप्या पडतात. धाकटं लेकरू बरोबर येतंच. त्याला ठेवणार कुणापाशी?

जरा महिने मोजा. होळीला जन्मलेलं बाळ नऊ महिन्यांचं होतं मार्गशीर्षात, तोड ऐन भरात असताना. गोवर-रुबेलाचा पहिला डोस तेव्हाच असतो. दिवाळीत जन्मलेल्याचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस तर तिन्ही फडावरच येतात. नाव गावच्या आशाताईच्या यादीत, बाळ इथं.

तुम्हाला लसीचं कळत नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक थांबलं की दुसऱ्याचं काम अडतं, खाडा पडतो, उचल फिटता फिटत नाही. लस दिली अन् रात्री बाळ तापलं, तर पहाटे फडात जायचं कुणी? ही भीती खरी आहे. पण तो ताप एक-दोन दिवसांचा. औषध किती द्यायचं ते नर्सबाईंना विचारून घ्या. गोवर मात्र लिंबाच्या पाल्यावर निजवून भागत नाही. त्याच्यामागून न्यूमोनिया येतो, हगवण लागते. आणि खोकल्यावाटे तो शेजारच्या कोप्यांत पोचतो. 2022 मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात साथ उसळली, तेव्हा मुंबईत लेकरं दगावली.

लस फुकट आहे. जवळच्या उपकेंद्रात जा; परगावचे म्हणून तुम्हाला परत पाठवायचं नसतं. कार्ड गावी राहिलं? तरी जा, आणि मोबाईल नंबर सांगा. यू-विनवर नोंद असेल तर सापडेल. चुकलेल्या डोसासाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढं देतात. गोवराची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत मिळते.

मुकादमाला म्हणा, टोळीतल्या लेकरांची यादी उपकेंद्राला द्या अन् नर्सबाईंना कोप्यांवरच बोलवा. कुणाची किती उचल, हे त्याला तोंडपाठ असतं. लेकरांची नावं लिहायला असा किती वेळ लागणार?

पट्टा पडायच्या आधी इथं दिलेले डोस तारखेनिशी कार्डावर लिहून घ्या. होळीच्या बाळाचा गोवराचा दुसरा डोस सोळा महिन्यांनंतर, म्हणजे आषाढात, गावीच येणार आहे. तिथल्या बाई आधी विचारतील, पहिला कधी दिला?