सेप्सिस : औषध लिहिलं कधी, शिरेत गेलं कधी?

प्रश्न : लघवीच्या संसर्गातून सासऱ्यांना सेप्सिस झाला, थोडक्यात वाचले. त्यांच्या रुग्णालयात आता ‘सेप्सिस प्रोटोकॉल’ आणणार म्हणे. अशा नियमांनी मृत्यू खरंच कमी होतात का?

उत्तर : होऊ शकतात, पण कागद भिंतीवर डकवून नव्हे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रोरी स्टाँटन हा १२ वर्षांचा मुलगा, शाळेत हाताला खरचटल्याचं निमित्त होऊन, सेप्सिसने दगावला. पुढच्याच वर्षी त्या राज्याने रुग्णालयांना प्रोटोकॉल सक्तीचे केले. त्यांतला गाभा असा : तीन तासांत रक्ताचं कल्चर, लॅक्टेटची तपासणी आणि अँटिबायोटिक. १४९ रुग्णालयांतल्या ४९,३३१ रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दिसलं, की ही कामं लांबली तसा मृत्यूचा धोकाही तासागणिक वाढत गेला.

आपल्याकडे उशीर बहुधा निदानानंतर होतो. डॉक्टर औषध लिहितात, नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या रांगेत, तेवढ्यात पेशंट वॉर्डात हलतो आणि पहिला डोस ‘वर देतील’ म्हणून राहतो. म्हणून पहिला डोस कॅज्युअल्टीच्या कपाटातच हवा. केसपेपरवर दोन वेळा टिपाव्यात : ऑर्डरची आणि प्रत्यक्ष शिरेत औषध गेल्याची. बरीच रुग्णालयं पहिलीवरच समाधान मानतात; मी दुसरीच मागेन.

मात्र ताप दिसला की सलाईनमधून अँटिबायोटिक, हा त्याचा अर्थ नव्हे. कल्चरचा रिपोर्ट आला की औषध बदलायचं किंवा बंद करायचं, हेही प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय का, ते जरूर विचारा.